उणे अठरा: नववीच्या वर्गात फसलेला एक तास

फळ्यावर पृथ्वीच्या तापमानाचं उत्तर आलं २५५ केल्विन. त्यातून २७३ वजा केले, राहिले उणे १८ अंश सेल्सिअस. उत्तराखाली दुहेरी रेघ मारून मी वळते तोवर मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आपण गारठून मेलोय काय ओ मॅडम?"

वर्ग हसला. मीही हसले. उत्तर मला येत होतं, पण त्या तासाच्या आखणीत ते कुठंच बसत नव्हतं. "ते वातावरणामुळं होतं, पुढं बघू," असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि घंटा झाली. पृथ्वी सूर्याभोवतीच्या वसतियोग्य पट्ट्यात (पाणी द्रवरूपात टिकू शकेल अशा अंतरांत) कशी अगदी बरोबर बसते हे दाखवायला घेतलेल्या तासात मी पृथ्वी गोठवून ठेवली होती.

आमची शाळा कोल्हापुरात पंचगंगेच्या अंगाला आहे. मराठी माध्यम, अनुदानित. नववीच्या त्या तुकडीत पन्नासच्या आसपास मुलं. निम्मी पेठांमधली, निम्मी केएमटीच्या बसनं किंवा वडलांच्या दुचाकीवर मागं बसून करवीर तालुक्यातल्या गावांतून येणारी. नववीच्या विज्ञानात 'अवकाश निरीक्षण : दुर्बिणी' हा धडा आहे. त्यात आरसे, भिंगं, रेडिओ दुर्बिणी सगळं आहे, पण मुलांना पडणारा प्रश्न एकच असतो: एवढं बघून तिकडं कुणी सापडलं का? दरवर्षी मी तो हसून टाळते. या वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या निमित्तानं दोन तास मिळाले, म्हणून ठरवलं की ताऱ्याभोवतीचा वसतियोग्य पट्टा नीट शिकवायचा, तोही आकडेमोड करून.

पहिला तास सुरुवातीला छानच चालला होता. शेकोटीचं उदाहरण दिलं. जवळ गेलं की भाजतं, लांब गेलं की थंडी वाजते, मधे एक जागा अशी की बरं वाटतं. मग शंभर वॅटचा दिवा आणि मोबाइलमधलं उजेड मोजायचं अॅप घेऊन अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो, हे मुलांनी स्वतः मोजलं. तिथून नियम काढला: तारा सूर्याच्या जितक्या पट उजेड देतो त्याचं वर्गमूळ घ्या, तितक्या खगोलीय एककांवर त्या ताऱ्याचा उजेड आपल्याला सूर्याचा मिळतो तेवढाच मिळेल. एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, साधारण १५ कोटी किलोमीटर.

हा भाग मुलांना फार आवडतो, कारण आकडे चटकन हातात येतात. व्याध सूर्याच्या २५ पट तेजस्वी, म्हणून पाच एककं. म्हणजे आपल्याकडं गुरू आहे जवळपास तिथं. अभिजित ४० पट, सहाच्या थोडं पुढं. स्वाती १७० पट, तेरा. आणि उलट्या बाजूला प्रॉक्झिमा, मित्र (अल्फा सेंटॉरी) ताऱ्याचा तिसरा भाऊ, आपल्याला सूर्यानंतर सगळ्यात जवळचा तारा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. त्याचा उजेड सूर्याच्या हजारातला दीड हिस्सा. वर्गमूळ ०.०४. ऊब हवी तर ताऱ्यापासून साठ लाख किलोमीटरवर जाऊन बसायचं. "लई जवळ!" असं पहिल्या बाकावरून आलं.

इथंच थांबले असते तर तास यशस्वी ठरला असता, आणि मुलांचा गैरसमज पक्का झाला असता. पण मला हौस होती तापमान काढून दाखवायची. सूत्र सोपं करून दिलं. एकही किरण परत न फेकणारा ग्रह एक एककावर असेल तर त्याचं तापमान साधारण २७९ केल्विन. आलेल्या उजेडातला परत फेकलेला भाग वजा करायचा, उरलेल्याचं चौथं मूळ काढायचं (कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबलं की झालं) आणि २७९ ला त्यानं गुणायचं. अंतर वेगळं असेल तर अंतराच्या वर्गमूळानं भागायचं. पृथ्वी आलेल्या उजेडातला ३० टक्के परत फेकते. उरतात ०.७. बटण दोनदा, ०.९१५. गुणले, २५५. उणे १८.

जाताजाता वह्यांत दोन ओळी लिहायला सांगितल्या होत्या: वसतियोग्य पट्टा म्हणजे काय? त्या संध्याकाळी वाचल्या. बहुतेकांनी लिहिलं होतं, "जिथं तापमान बरोबर असते ती जागा." बऱ्याच जणांनी लिहिलं, "जिथं माणसं राहायला जाऊ शकतात." काहींनी थेट "जिथं जीव राहतात." आणि चिखलीहून येणाऱ्या एका मुलीनं व्याख्या लिहिलीच नव्हती. तिनं प्रश्न लिहिला होता: "चंद्र पण सूर्यापासून आपल्याएवढाच लांब आहे. मग तिथं का नाही?"

वह्यांच्या गठ्ठ्यात तेवढी एकच ओळ मला हवी होती, आणि नेमकं त्याच ओळीचं उत्तर मी वर्गात दिलं नव्हतं.

काय बिघडलं ते दोन ठिकाणी शोधावं लागलं. पहिलं ठिकाण खुद्द शब्दात. 'वसतियोग्य' म्हटलं की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढं वसाहत येते. प्लॉट पाडलेले, रस्ते आखलेले, कोपऱ्यावर बिल्डरचा फलक. शास्त्रज्ञांना अभिप्रेत आहे फार तुटपुंजी गोष्ट: खडकाळ ग्रह असेल, त्याला योग्य हवा असेल, तर त्याच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल अशी ताऱ्यापासूनची अंतरं. वाक्यात दोन 'असेल तर' आहेत आणि शब्दात एकही नाही. दुसरं ठिकाण म्हणजे शेकोटी. शेकोटीपाशी ऊब फक्त अंतरावर ठरते, कारण बसणारा माणूस तोच असतो. ग्रह तसे नाहीत. कुणी उघडा बसलाय, कुणी वाकळ पांघरून बसलाय, कुणी पाच वाकळा घेऊन घामाघूम झालाय. हे उदाहरण मी इतकी वर्षं देत आले आणि ते काय लपवतं याचा विचार कधी केला नाही.

दुसरा तास मी उणे अठरापासूनच सुरू केला. तेच उत्तर पुन्हा फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, काल हे उत्तर चुकलेलं नव्हतं, माझं पुढचं वाक्य चुकलं होतं. मग चार गट केले आणि तेच सूत्र चार ठिकाणी वापरायला दिलं. चंद्र जेमतेम नववा हिस्सा उजेड परत फेकतो. त्याचं उत्तर आलं उणे २. पृथ्वी उणे १८. मंगळ दीड एककावर, उणे ६३. आणि शुक्र, सूर्यापासून ०.७२ एककांवर, पण त्याचे ढग तीन चतुर्थांशाहून जास्त उजेड परत फेकतात. शुक्राच्या गटानं उत्तर तीनदा तपासलं. उणे ४३.

"मॅडम, शुक्र आपल्यापेक्षा गार आला. सूत्रच चुकलंय."

सूत्र बरोबर होतं. शेजारी मी खरी तापमानं लिहिली. मंगळ, सरासरी उणे साठीच्या आसपास. म्हणजे गणिताच्या जवळच. पृथ्वी, अधिक १५. शुक्र, अधिक ४६५. आणि चंद्राला एक आकडा पुरतच नाही: विषुववृत्तावर भर दुपारी १२० अंशांच्या घरात, रात्री उणे १३० च्याही खाली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मंगळाच्या गटातल्या मुलानं मांडणी केली ती माझ्या आखणीपेक्षा सरस होती: "जेवढी हवा जास्त, तेवढं आपलं उत्तर चुकतंय."

तिथून वाकळ आली. ती मी आणली नाही, मुलांनीच आणली. पृथ्वीच्या वाकळीची किंमत ३३ अंश: उणे १८ ते अधिक १५. ती विणलीय पाण्याच्या वाफेनं आणि कार्बन डायऑक्साइडनं. शुक्राची हवा ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि जमिनीवरचा दाब आपल्या नव्वद पट. मंगळाच्या हवेतही बहुतेक कार्बन डायऑक्साइडच, पण दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे वाकळ आहे पण विरलेली. एवढं मात्र आवर्जून सांगावं लागलं की वाकळ ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. नाहीतर शुक्राच्या हवेतच कसला तरी जाळ आहे, असं लिहून येतं. मागं एकदा आलंही आहे.

तिसरा तास खरं तर नव्हता. पीटीच्या सरांकडून मागून घेतला आणि सगळ्यांना मैदानात नेलं. एक एकक म्हणजे दहा मीटर धरले. या मापात सूर्य मोठ्या मोसंब्याएवढा होतो, पृथ्वी राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, आणि चंद्र तिच्यापासून अडीच सेंटिमीटरवर. चिखलीच्या मुलीला बोलावून राजगिऱ्याचा दाणा आणि शेजारी पिठाची एक कणी तिच्याच हातानं ठेवायला लावली. पट्ट्याच्या नजरेनं दोघं एकाच जागी. ती म्हणाली, "म्हणजे पट्टा फक्त जागा सांगतो." हेच वाक्य मी त्या आठवड्यात शोधत होते.

मग चुन्याच्या फक्कीनं पट्टा आखला. एकच पट्टा आखला असता तर तो देवानं दिल्यासारखा वाटला असता, म्हणून तीन आखले. ही कल्पना या नावानं सू-शू ह्वांग यांनी १९५९ मध्ये मांडली. १९७० च्या दशकाच्या शेवटी मायकेल हार्ट यांनी हिशेब केला तेव्हा सूर्याचा पट्टा आला ०.९५ ते १.०१ एकक. मैदानावर साठ सेंटिमीटर. एका पोरानं एका ढांगेत ओलांडला. १९९३ मध्ये जेम्स कास्टिंग आणि सहकाऱ्यांनी तो ०.९५ ते १.३७ वर नेला: सव्वाचार मीटर. २०१३ मध्ये रवी कोप्परापु आणि सहकाऱ्यांनी नव्यानं हिशेब केला, तो ०.९९ ते साधारण १.७: सात मीटर.

"पट्टा वाढला कसा काय?"

पट्टा का वाढला याचं उत्तर आकाशात नव्हतं. ते आमच्या मैदानाच्या भिंतीत होतं. भूगोलाच्या सरांना मी आधीच बोलावून ठेवलं होतं. नववीच्या भूगोलात विदारण, म्हणजे खडकाचं झिजणं-फुटणं, आहे, मुलं ते पाठ करून मार्क मिळवतात आणि विसरतात. सरांनी भिंतीतला काळा पाषाण दाखवला आणि खिशातून जांभ्याचा तुकडा काढला. पन्हाळा, मसाईचं पठार फिरलेल्या कुणालाही तो लाल, छिद्राछिद्रांचा दगड ओळखू येतो. सर म्हणाले, हा या काळ्याचाच वंशज आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा लाव्हा म्हणजे हा बेसाल्ट. पाऊस पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं आणि दगडाला लाखो वर्षं कुरतडत राहतं. विरघळायचं ते वाहून जातं, लोखंड आणि अॅल्युमिनियम मागं उरतं, तो जांभा.

वाहून गेलेलं कुठं जातं? पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, तिथून बंगालच्या उपसागरात. पावसानं हवेतून धुऊन आणलेला कार्बनही त्याच पाण्यात असतो. तो समुद्रात शिंपल्यांत, चुनखडीत अडकून तळाशी बसतो. पुढं तो तळ पृथ्वीच्या पोटात ढकलला जातो आणि ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइड परत हवेत येतो. आता यातली खुबी बघा. ग्रह थंड पडला की पाऊस कमी होतो, दगडाचं कुरतडणं मंदावतं, ज्वालामुखी मात्र चालूच राहतात, त्यामुळं हवेत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि वाकळ जाड होते. ग्रह तापला की उलटं. हे फार सावकाश चालतं, लाखो वर्षांच्या हिशेबानं, त्यामुळं आपण सोडलेल्या धुराचा निकाल ते आपल्या हयातीत लावणार नाही. (हा प्रश्न आलाच, आणि यायलाच हवा होता.) हार्ट यांच्या हिशेबात ही साखळी नव्हती, पुढच्यांच्या हिशेबात आली, आणि पट्ट्याची बाहेरची कड लांब सरकली. मला स्वतःला हा या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. शेकोटीच्या उदाहरणात याला कुठंच जागा नाही.

आतली कड मी जरा घाईत उरकली, ते चुकलंच. थोडक्यात असं: ग्रह ताऱ्याच्या जवळ गेला की समुद्राची वाफ वाढते, वाफ स्वतःच वाकळ, त्यानं आणखी ऊब, आणखी वाफ. शेवटी वाफ खूप वर पोचते, अतिनील किरण तिचे तुकडे करतात आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो. शुक्रावर बहुधा हेच झालं. तिथल्या उरल्यासुरल्या हायड्रोजनमध्ये जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभराहून जास्त पट आहे. हलका पळाला, जड मागं राहिला. मुलांच्या ध्यानात यातलं एकच राहिलं. मैदानावर आतली कड ९.९ मीटरवर होती आणि आपला राजगिरा १० मीटरवर. पट्टा सात मीटरचा आणि आपण कडेपासून दहा सेंटिमीटरवर! पृथ्वी पट्ट्याच्या मधोमध असते असं प्रत्येक चित्रात काढलेलं असतं. २०१३ मध्येच दुसऱ्या एका गटानं ढग आणि वारे धरून केलेल्या हिशेबात ती कड ०.९५ वर आली, म्हणजे पन्नास सेंटिमीटर मोकळे. पण सूर्यही दर शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्के प्रखर होत चाललाय. कड आपल्याकडं सरकतेय.

"मंगळ तर पट्ट्याच्या आत आहे की," कुणीतरी पंधरा मीटरवरून ओरडलं. आहेच. पण त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याएवढं, चुंबकीय कवच केव्हाच गेलेलं, आणि सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्यानं हवा हळूहळू ओरबाडली जाते. नासाच्या मेव्हन यानानं २०१४ पासून अनेक वर्षं मंगळाभोवती फिरत हेच मोजलं. मुलांना आता धक्का बसत नव्हता. एकानं तर शांतपणे म्हटलं, "प्लॉट एनए झालाय, घर बांधलं नाही." मैदानावर हशा पिकला, आणि हा शब्द टिकला. (एनए म्हणजे बिगरशेती, घर बांधायला मोकळी झालेली जमीन.) पुढं प्रत्येक ग्रहाला आधी 'एनए आहे का?' आणि मग 'घर आहे का?' असे दोन प्रश्न विचारले गेले.

पट्ट्याचं नावही बदलायचं ठरलं. मी सुचवलं 'पाणीपट्टा'. लगेच, "पाणीपट्टी थकली तर नळ तोडणार काय मॅडम?" तरीही वर्गात तेच नाव चाललं. परीक्षेत मात्र 'वसतियोग्य पट्टा' असंच लिहा, असं बजावून ठेवलंय.

रेषांवर मात्र वाद झाला. तीन वेगवेगळे पट्टे म्हणजे शास्त्रज्ञांनाच ठाऊक नाही, मग आम्ही शिकायचं कशाला, असा एका हुशार मुलाचा सूर होता. मी काही सांगण्याआधी चिखलीची मुलगी बोलली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिचं घर पाण्यात होतं. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिला पूररेषा कुणी शिकवायची गरज नव्हती. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मधे अटी. "रेषा नकाशावर असते," ती म्हणाली, "पाणी रेषा बघून येत नाही. पण रेषाच नको म्हणून कसं चालंल?"

तिच्या बोलण्याला धरून पुढचं सगळं सांगता आलं. पट्ट्यालाही दोन प्रकारच्या रेषा आहेत. एक हिशेबाची, जपून काढलेली: ०.९९ ते १.७. दुसरी खुणांवरून काढलेली, जसं पूर ओसरल्यावर भिंतीवरची चिखलाची रेघ बघून सांगतात, पाणी इथवर आलं होतं. मंगळावर सुकलेल्या नद्यांची पात्रं आहेत. जवळपास चारशे कोटी वर्षांपूर्वी, सूर्य आजच्याहून बराच मंद असताना, तिथं पाणी वाहिलं. त्यावरून बाहेरची रेषा १.७७ वर जाते. शुक्रावर निदान गेली शंभर कोटी वर्षं पाणी असल्याची खूण नाही, त्यावरून आतली रेषा ०.७५. हा ढिला पट्टा, पहिला घट्ट. कुठली रेषा धरायची हे तुम्हाला काय शोधायचंय त्यावर ठरतं.

उरलेल्या वेळात मी दुसरा तारा मांडला. ट्रॅपिस्ट-१, चाळीस प्रकाशवर्षांवर. सूर्य मोसंबं असेल तर हा वाटाणा. त्याचे सात ग्रह २०१७ मध्ये जाहीर झाले. आमच्या मापात सगळ्यात आतला साडेअकरा सेंटिमीटरवर, सगळ्यात बाहेरचा बासष्टवर. सातही ग्रह गुऱ्हाळाच्या काहिलीत मावून काहील रिकामी राहील. त्यातले तीन, म्हणजे ई, एफ आणि जी, पट्ट्यात येतात. शेजारी व्याधाचा पट्टा आखायला गेलो तर पन्नास मीटर पुरेनात. तो भिंतीपलीकडं रिक्षा स्टॉपवर गेला.

काहील म्हटल्यावर, आदल्या दिवशी "गारठून मेलोय काय" विचारणारा मुलगा पुढं आला. त्यांचं गुऱ्हाळ आहे. इतका वेळ तो गप्प होता. म्हणाला, "मॅडम, इतक्या जवळ जाळासमोर उभं राहिलं की पुढून भाजतं आणि पाठ गारच राहते. चुलवाणाम्होरं आम्ही आलटून पालटून फिरून शेकतो. हे ग्रह फिरतात काय?"

बहुधा फिरत नाहीत. म्हणजे फिरतात, पण चंद्र आपल्याभोवती फिरतो तसे, सतत एकच तोंड ताऱ्याकडं करून. प्रॉक्झिमाभोवती २०१६ मध्ये सापडलेला ग्रह ११.२ दिवसांत फेरी मारतो, ट्रॅपिस्ट-१ ई सहा दिवसांत. इतक्या जवळ ताऱ्याच्या ओढीनं ग्रहाची गिरकी बांधली जाते. एका बाजूला कायमचा दिवस, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र. मग तिथं पाणी टिकणार कसं? हवा पुरेशी दाट असेल तर वारे ऊब मागच्या बाजूला नेतील. नसेल तर नाही. पुन्हा वाकळच. वर हे लाल बटू (लहान, मंद) तारे सूर्यापेक्षा तापट, अधूनमधून ज्वाळा फेकणारे, म्हणजे वाकळ टिकण्याचीच शंका. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीनं २०२३ मध्ये ट्रॅपिस्टच्या सगळ्यात आतल्या ग्रहाची दिवसाची बाजू मोजली, ती साधारण २३० अंश निघाली, आणि दाट हवा असल्याचं चिन्ह दिसलं नाही. तो पट्ट्यापेक्षा ताऱ्याच्या बराच जवळ आहे, त्यामुळं बाकीच्यांबद्दल यावरून काही ठरत नाही. हे सगळं मी तिथंच मैदानात सांगितलं, पण प्रश्न त्याचा होता, आणि तो मी कुठल्याच पाठ-टिपणात लिहिलेला नव्हता.

आठवड्यानं तपासणी घेतली. के२-१८बी या ग्रहाबद्दलची बातमी मी माझ्या शब्दांत लिहून दिली. १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह, पृथ्वीच्या साडेआठ पट वस्तुमानाचा, ३३ दिवसांची फेरी, पट्ट्यात. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला २०२५ मध्ये वेब दुर्बिणीच्या नोंदींत अशा वायूची चिन्हं दिसली, जो पृथ्वीवर प्रामुख्यानं समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. त्यावर इतर शास्त्रज्ञांनी, इशारा तेवढा भक्कम नाही, असे आक्षेप घेतले. प्रश्न एकच: 'दुसरी पृथ्वी सापडली' असा मथळा द्याल का, आणि देण्याआधी काय विचाराल?

बहुतेकांनी मथळा नाकारला. कारणं मात्र वेगवेगळी आली, आणि तीच मला वाचायची होती. कुणी विचारलं, जमीन आहे का नुसता वायूच? कुणी, हवा कसली आहे? कुणी, तो वायू जिवाशिवाय तयार होतो का? एकानं लिहिलं, "एनए आहे, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं ते माहीत नाही." गुण द्यायचे कसे याचा विचार करत बसले होते, शेवटी पूर्ण दिले.

सगळं सुधारलं असं नाही. सात-आठ जणांनी अजूनही लिहिलंय की शुक्र तापतो कारण तो सूर्याच्या जवळ आहे. शेकोटी मीच त्यांच्या डोक्यात पेटवली होती. गुरूच्या युरोपा आणि शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहांवर, पट्ट्याच्या कितीतरी बाहेर, बर्फाखाली पाणी आहे, हे सांगायला वेळच उरला नाही. पट्टा पृष्ठभागावरच्या पाण्याबद्दल बोलतो, खालच्या नाही, एवढी एक ओळ फळ्याच्या कोपऱ्यात लिहिली होती. ती कुणी उतरवून घेतली नाही.

पुढच्या वर्षी शेकोटी काढून टाकणार आहे. तास चंद्रापासून सुरू होईल: तेच अंतर, तोच सूर्य, मग तिथं का नाही? आकडेमोड त्यानंतर. आणि दोन नव्हे, चार तास लागतील, हे मुख्याध्यापकांना आत्ताच सांगून ठेवलंय. "बघू," म्हणालेत.

चिखलीच्या मुलीनं परवा विचारलं, मित्र तारा इथून दिसतो का? दिसतो. पण आपल्याकडून दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर येतो, फेब्रुवारीत पहाटे, मे महिन्यात रात्री अकरा-बाराच्या सुमाराला. त्याच्याजवळचा प्रॉक्झिमा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तिच्या घराच्या दक्षिणेला उसाचा फड आहे. मे महिन्यापर्यंत तोड झालेली असेल, म्हणाली.